जराजर्जर वृद्धांचे साहाय्यित मरण : अंथरुणाशेजारून दिसणाऱ्या काही गोष्टी

रात्रपाळी (धागाकर्ती)

मुंबईतील महापालिकेच्या एका रुग्णालयात ९ वर्षे आणि त्यानंतर कॅनडातील ओंटारियो प्रांतात १७ वर्षे मी परिचारिका म्हणून काम करीत आले आहे. त्यांपैकी शेवटची ११ वर्षे एका वृद्ध-शुश्रूषागृहात गेली. इच्छामरणावर मराठीत पुष्कळ लिहिले जाते, पण ते बहुधा कायद्याच्या, धर्माच्या किंवा डॉक्टरांच्या बाजूने असते. जी बाई त्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलते, तिला काय दिसले हे क्वचितच कोणी विचारते, म्हणून हा धागा काढते आहे. रुग्णांची ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत.

आधी इथला कायदा थोडक्यात. कॅनडात जून २०१६ पासून वैद्यकीय साहाय्याने मृत्यू घेण्याची सोय आहे; बोलताना आम्ही तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'मेड' म्हणतो. दोघा स्वतंत्र तपासनिसांनी रुग्णाला पात्र ठरवावे लागते, आणि ते डॉक्टरच असले पाहिजेत असे नाही. 'नर्स प्रॅक्टिशनर', म्हणजे वरचे शिक्षण घेतलेली आणि स्वतः निदान करून औषध लिहून देऊ शकणारी परिचारिका, ही तपासणीही करू शकते आणि शेवटचे औषधही देऊ शकते. माझ्यासारख्या नोंदणीकृत परिचारिकेला औषध देता येत नाही, पण शिरेत सुई बसवून देण्यासारखी मदत करता येते. ज्यांचे मन घेत नाही त्यांना नकार देता येतो. मात्र रुग्णाची शुश्रूषा अर्ध्यावर टाकून जाता येत नाही. मार्च २०२१ मध्ये कायदा बदलला आणि मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित असलाच पाहिजे, ही अट निघाली. तसा तो अपेक्षित नसेल तर तपासणीला किमान ९० दिवस द्यावे लागतात. २०२३ साली १५,३४३ माणसे या मार्गाने गेली, म्हणजे देशातील एकूण मृत्यूंच्या ४.७ टक्के.

त्यांतील बहुतेकांना कर्करोग असतो. मी लिहिते आहे ते उरलेल्यांपैकी अशा माणसांबद्दल, ज्यांच्या दुखण्याला एक नाव देता येत नाही. दृष्टी गेलेली, कान गेलेले, हृदय थकलेले, दोनदा पडून झालेले, लघवी-संडास हातात न राहिलेले, आणि डोके मात्र पुष्कळदा शाबूत. माणूस किती जराजर्जर झाला आहे हे मोजण्यासाठी हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात तयार झालेली एक मोजपट्टी आम्ही वापरतो. तिच्यात १ म्हणजे ठणठणीत आणि ९ म्हणजे अखेरच्या आजारात असलेला माणूस. ७ म्हणजे ज्याचे अंगावरचे सर्व काही दुसऱ्याने करावे लागते असा. आमच्या मजल्यावरची बहुतेक माणसे ६ आणि ७ वर असतात आणि तिथेच वर्षानुवर्षे राहतात.

आता दोन माणसांविषयी सांगते.

पहिल्या एक ९१ वर्षांच्या आजी होत्या. "आता पुरे झाले," असे त्या रोज म्हणत आणि एके दिवशी त्यांनी रीतसर मागणी केली. त्या हे वाक्य म्हणत त्या वेळा माझ्या आणि आमच्याकडच्या एका फिलिपिनो मदतनीस मुलीच्या लक्षात आल्या होत्या. पहाटे ५ वाजता डाव्या कुशीवर वळवताना आणि रात्री डायपर बदलताना, म्हणजे पुन्हा डाव्या कुशीवर वळवतानाच. त्या ओरडत नसत, फक्त चादरीचे टोक मुठीत घट्ट धरत. आम्ही ते डॉक्टरांना दाखवले. क्ष-किरण चित्र काढले तेव्हा खुब्याजवळच्या हाडाला भेग निघाली. ती किती जुनी होती कोण जाणे. त्याशिवाय कानातले यंत्र तीन आठवडे बंद होते आणि घरचे लोक "ती हल्ली बोलतच नाही" म्हणून भेटायला येणे कमी करू लागले होते. वेदनाशामक ठरलेल्या वेळेला सुरू झाले, वळवण्याची पद्धत बदलली, यंत्र दुरुस्त होऊन आले. तीन आठवड्यांनी आजींनी मागणी स्वतःहून मागे घेतली. पुढे त्या १४ महिने जगल्या.

दुसरे ८८ वर्षांचे शेतकरी होते. हृदय निकामी होत चाललेले, डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळत असे. पाच महिन्यांत त्यांनी तीनदा तेच मागितले, प्रत्येक वेळी शांतपणे, प्रत्येक वेळी त्याच शब्दांत. आजींचा अनुभव पाठीशी असल्यामुळे मी त्यांच्यातही दुरुस्त करण्यासारखे काहीतरी शोधत राहिले. दुखणे शोधले, झोप पाहिली, उदासीनतेसाठी तज्ज्ञांना बोलावून झाले. काही सापडले नाही. "पोरी, तू मला बरे करण्याचा प्रयत्न करते आहेस, आणि मी आजारी नाही, मी संपलो आहे," असे ते एकदा मला म्हणाले. ठरलेल्या दिवशी सकाळी त्यांना साध्या पात्याने दाढी करून हवी होती, विजेच्या यंत्राने नको होती. मी ती केली. सुई बसवायला मला दोन वेळा टोचावे लागले, कारण या वयात कातडी ओल्या कागदासारखी होते आणि शीर हाताखालून सरकते. दुसऱ्यांदा टोचल्याबद्दल मी क्षमा मागितली तेव्हा त्यांनी माझा हात थोपटला. औषध डॉक्टरांनी दिले. नंतर मी त्यांचे अंग पुसले, आणि पुढच्या खोलीतल्या बाईंना ११ वाजताचा रस द्यायला गेले, कारण ती वेळ झाली होती. त्या दिवशी मला कोणी काही विचारले नाही.

माझे म्हणणे असे आहे. "आता पुरे" हे वाक्य या दोघांनीही उच्चारले, आणि तपासनिसाच्या तासाभराच्या भेटीत ते दोघांच्या तोंडी सारखेच ऐकू आले असते. ते कोणत्या प्रहरी, कोणते काम चालू असताना आणि कोणाच्या हाताखाली निघते, हे शुश्रूषा करणाऱ्यालाच माहीत असते. निर्णय आमच्या हाती द्या असे मी म्हणत नाही. आमची साक्ष घेतल्याशिवाय निर्णय होऊ नये, एवढेच म्हणते.

---

जुनी मेट्रन

ताई, आपले लेखन वाचून रात्री झोप लागली नाही. मी मुंबईतून मेट्रन म्हणून निवृत्त झाले. परिचारिका आणि दयामरण हे दोन शब्द आपल्याकडे एकत्र आले की एकच नाव समोर येते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच हल्ला झाला, त्यातून त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. मधल्या सुमारे साडेएकेचाळीस वर्षांत परिचारिकांच्या कित्येक तुकड्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, आणि त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही. आमच्या धंद्यात याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही, हे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे ज्याने केले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना भरवणे थांबवावे असा अर्ज करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी यांना न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण रोजची सेवा त्यांची होती. ज्या निकालाने उपचार थांबवण्याची वाट देशात प्रथम मोकळी केली, त्याच निकालाने परिचारिकांचा "नको" हा शब्द मानला. तेव्हा मी दुसऱ्या रुग्णालयात होते आणि आम्ही सगळ्याजणींनी पेढे वाटले होते.

आज इतक्या वर्षांनी एक प्रश्न मात्र मला सोडत नाही, आणि तो त्या परिचारिकांवरचा आरोप म्हणून मी मांडत नाही, त्यांच्यापुढे माझे मस्तक नम्र आहे. आपण ज्याला सांभाळतो, त्याच्या वतीने बोलण्याचा हक्क सांभाळल्यामुळे मिळतो का? माझ्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात घातलेली अन्नाची नळी, सारखी उपसून काढीत. आम्ही त्यांचे हात बांधून ठेवीत होतो. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला माहिती सोपवताना, आम्ही "पेशंट असहकार्य करतो" असे सांगत असू. ते काहीतरी सांगत होते, असे आम्हाला कोणालाही सुचले नाही.

---

कृष्णाकाठ

मी सांगलीची. वडील ८६ वर्षांचे, दोन वर्षांपासून अंथरुणावर, बुद्धी शाबूत. शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोची दिवसाची एक बाई आणि रात्रीचे एक मामा, असे २४ तासांचे चालते आणि त्यात माझ्या पगाराचा मोठा भाग जातो, हे वडिलांना ठाऊक आहे. "देव मला नेत का नाही" हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा होते की मुले ते ऐकूनही गृहपाठ करीत बसतात.

मला कायद्याची भीती वाटते ती अशी. भारतात उद्या कॅनडासारखी सोय झाली, तर वडील दुसऱ्या दिवशी सही करतील, आणि ती सही स्वतःच्या दुःखापोटी केली की माझ्या पासबुकापोटी, हे कोणता तपासनीस ओळखेल? त्यांनी जन्मभर कोणाचे ओझे होऊ नये म्हणून जिवाचे रान केले. उलट बाजूने, ते खरोखरच थकले असतील आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखे करीत असेन, तर तो दोषही माझाच आहे. ताई, ती वेळेची गोष्ट तुम्ही लिहिलीत, ती घरी कशी करायची?

---

न्यायपंक्ती

कायद्याविषयी थोडे स्पष्ट करतो, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत. औषध देऊन मृत्यू घडवून आणणे भारतात आजही गुन्हा आहे, रुग्णाची संमती असली तरीही. उपचार न घेणे किंवा चालू उपचार थांबवणे याला मात्र ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क म्हणून मान्यता दिली, आणि त्याबरोबर वैद्यकीय इच्छापत्रालाही, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवण्यालाही. त्या वेळी घातलेल्या अटी इतक्या जाचक होत्या की कोणी त्या वाटेला जाईना. २४ जानेवारी २०२३ रोजी त्या सैल झाल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावे लागत नाही. प्रत्यक्ष वेळ आली की रुग्णालयातील प्राथमिक मंडळ आणि त्यावरचे दुय्यम मंडळ मत देते. दोन्ही मंडळे डॉक्टरांची आहेत.

धागाकर्तीच्या मुद्द्याशी याचा थेट संबंध आहे. या सगळ्या रचनेत परिचारिकेला जागा नाही. तिने लिहिलेल्या नोंदी रुग्णाच्या कागदपत्रांत असतात, पण त्या वाचल्याच पाहिजेत असे कुठे म्हटलेले नाही. वकील म्हणून मी अनेक वैद्यकीय प्रकरणांची फाईल चाळली आहे, आणि रुग्ण शेवटच्या दिवसांत काय बोलला हे मला सापडले असेल तर ते रात्रपाळीच्या सिस्टरने लिहिलेल्या नोंदीत सापडले आहे.

---

विदर्भवासी

धागाकर्तीविषयी आदर ठेवून विरोधी मत नोंदवतो. आजींची कथा सर्वांना आवडेल, कारण तिच्यात माणूस वाचतो. पण त्या शेतकऱ्याला पाच महिने थांबावे लागले, ते कशासाठी? तुम्हीच लिहिता की त्याच्यात काहीतरी सापडेल म्हणून तुम्ही शोधत राहिलात. तुमची साक्ष अनिवार्य केली, तर ज्या परिचारिकेच्या मनाला हे पटत नाही ती आयुष्यभर "अजून एक गोष्ट करून पाहू" असे म्हणत राहील, आणि सर्वांत दुबळा माणूस सर्वांत जास्त काळ तिच्या चांगुलपणाच्या ताब्यात राहील.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि १५ तारखेला देह ठेवला. ते ८७ वर्षांचे होते. त्यांच्यात दुरुस्त करण्यासारखे काही राहिले आहे का, हे शोधण्याचा अधिकार कोणाला होता? माझ्या आत्यानेही ९० व्या वर्षी जेवण सोडले. आम्ही तिला इस्पितळात नेले, नाकात नळी घातली आणि ती आणखी सात आठवडे जगली. त्या सात आठवड्यांत ती एकाही भाच्याशी बोलली नाही.

---

उत्रेख्तकर

नेदरलँड्समध्ये गृहशुश्रूषेत काम करतो, घरोघरी सायकलने जाऊन. विदर्भवासींच्या आत्याबद्दल वाचून फार वाईट वाटले.

इथला कायदा १ एप्रिल २००२ पासून लागू आहे. ज्याला एक मोठा आजार नाही पण म्हातारपणाची अनेक दुखणी एकावर एक साचली आहेत, त्या माणसाचे दुःखही असह्य आणि न सुधारणारे असू शकते, असे इथे मानले जाते. २०२३ मधील ९,०६८ प्रकरणांपैकी ३४९ अशी होती. निव्वळ "आयुष्य पूर्ण झाले" असे वाटणे मात्र पुरत नाही, वैद्यकीय आधार लागतोच. त्यावर इथे वर्षानुवर्षे वाद चालू आहे. औषध फक्त डॉक्टरच देऊ शकतो; परिचारकाने ते दिले तर तो गुन्हा ठरतो. शेजारच्या बेल्जियममध्ये एक तरतूद आहे, जी धागाकर्तीला हवी तशीच आहे : रुग्णाशी नियमित संबंध असलेले शुश्रूषा-पथक असेल तर डॉक्टरने त्याच्याशी चर्चा केलीच पाहिजे, असे तिथल्या २००२ च्या कायद्यातच लिहिले आहे. ती चर्चा आहे, नकाराधिकार नाही. त्यामुळे विदर्भवासींची भीती तिथे लागू पडत नाही.

अन्नपाणी सोडण्याविषयी. २०१४ साली इथल्या डॉक्टरांच्या आणि परिचारकांच्या संघटनांनी मिळून अशा माणसांच्या शुश्रूषेसाठी मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा असा की हा त्या माणसाचा निर्णय आहे, आणि तो घेतला म्हणून त्याची सेवा थांबत नाही. गेल्या हिवाळ्यात मी एका बाईंकडे सकाळ-संध्याकाळ जात होतो. काम मुख्यतः तोंडाचे असे : ओठांना मलम, ओल्या बोळ्याने हिरड्या पुसणे, जिभेवरचा चिकटपणा काढणे. तोंड कोरडे पडू दिले नाही तर तहानेचा त्रास पुष्कळ कमी होतो. सहाव्या दिवशी त्यांनी बोळा दातांत धरून ठेवला. मी चक्क घाबरलो, कारण त्यांचे मन बदलले असेल आणि मी ते ओळखत नसेन असे वाटले. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारले. त्यांनी मान हलवून नकार दिला आणि बोळा सोडला. प्रत्येक वेळी पुन्हा विचारणे, आणि उत्तर मिळाल्यावर ते मानणे, हेच आमचे काम आहे असे मला त्या दिवसापासून वाटते.

---

रात्रपाळी

विदर्भवासी, तुमचा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मला लागलाही. त्या शेतकऱ्याच्या तिसऱ्या मागणीनंतर मी जे शोधत होते, त्यातले काही त्यांच्यासाठी होते आणि काही माझ्यासाठी. मला ते आवडत होते. त्यांच्या खोलीत माझी पाळी सुसह्य व्हायची. आवडत्या रुग्णाला जाऊ देण्यासाठी लागणारे बळ आम्हाला कोणी शिकवत नाही, आणि मेट्रनताईंनी हात बांधल्याची गोष्ट ज्या धैर्याने लिहिली, ते वाचून मला हे कबूल करणे भाग पडले. म्हणून बेल्जियमसारखी तरतूद मला पटते : आम्हाला विचारा, ऐकून घ्या, पण किल्ली आमच्या कमरेला नको.

इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या परिचारिकांच्या संघटनेने २००९ मध्ये साहाय्यित मरणाला असलेला विरोध सोडून तटस्थ भूमिका घेतली. तटस्थता म्हणजे पळवाट असे मला पूर्वी वाटे, आता वाटत नाही. ज्या हातांनी सर्वांनाच भरवायचे आहे त्यांनी आधीच बाजू घेतली, तर निम्मे रुग्ण आपल्याशी मोकळे बोलणार नाहीत. न्यूझीलंडच्या कायद्यात तर वैद्यकीय कर्मचाऱ्याने हा विषय आपणहून काढायचाच नाही असे बंधन आहे, आणि केवळ वाढलेले वय हे कारण पुरत नाही असेही स्पष्ट म्हटले आहे. पहिल्या बंधनाविषयी मी साशंक आहे, कारण लाजरी माणसे वाट पाहत राहतात. दुसरे मला योग्य वाटते.

कृष्णाकाठ, घरी असे करा. एक वही वडिलांच्या उशाशी ठेवा. ते "ने मला" म्हणाले की वेळ, त्या वेळी काय चालले होते, खोलीत कोण होते आणि त्यांनी नेमके कोणते शब्द वापरले, हे लिहा. त्यावर मत लिहू नका. ब्युरोच्या बाईंना आणि मामांनाही लिहायला सांगा. त्यांना लिहिता येत नसेल तर विचारून तुम्ही लिहा. दहा दिवस पुरे.

---

कृष्णाकाठ

दहा दिवस झाले. एकूण १३ नोंदी आहेत.

त्यांपैकी आठ सकाळी साडेआठच्या सुमाराच्या आहेत. त्या वेळी बाई त्यांना स्पंजिंग करतात. आमच्या खोलीचे दार हवा यावी म्हणून उघडे असते आणि समोरून मुले शाळेला जायला निघतात, दूधवाला येतो, शेजारच्या काकू डोकावतात. वडील मामलेदार कचेरीतून निवृत्त झाले, घरातही शर्टाची वरची गुंडी लावून बसणारा माणूस. हे दोन वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होते. आता तिथे पडदा लावला आहे, आणि कमरेखालचे स्पंजिंग बाईंऐवजी मामा रात्रीची पाळी संपवून जाण्यापूर्वी करतात. पडदा लावल्यापासून सकाळची एकही नोंद नाही.

तीन नोंदी महिन्याचे पैसे देण्याच्या दिवशीच्या आहेत. मी ब्युरोचा हिशोब त्यांच्या खोलीत बसून करीत असे. तो आता स्वयंपाकघरात करते.

उरलेल्या दोन वेगळ्या आहेत. दोन्ही संध्याकाळच्या. काही चालले नव्हते, दुखत नव्हते, मी नुसती शेजारी बसले होते. पहिल्यांदा ते म्हणाले, "मला आता काही नको आहे, तू वाईट वाटून घेऊ नकोस." दुसऱ्यांदा एवढेच म्हणाले, "मागच्या वेळसारखे पुन्हा दवाखान्यात नेऊ नका." मागच्या वेळी न्यूमोनिया झाला होता आणि अकरा दिवस अतिदक्षता विभागात काढले होते.

ताई, त्या दोन नोंदींचे मी काय करू?

---

रात्रपाळी

त्या दोन नोंदींना पडदा लावून उत्तर मिळणार नाही. पुढच्या वेळी ते म्हणाले की विषय बदलू नका, "दवाखान्यात म्हणजे काय नको, बाबा?" असे विचारा. नळी नको, अतिदक्षता नको की नेणेच नको, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. मग तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलवा आणि वही त्यांच्या हातात द्या. श्वासाचा त्रास झाला तर घरी काय देता येईल हे त्यांच्याकडून आधीच समजून घ्या, नाहीतर रात्री दोन वाजता घाबरून तुम्ही रुग्णवाहिकाच बोलवाल. डॉक्टर गेल्यावर न्यायपंक्तींनी सांगितलेल्या इच्छापत्राची बोलणी करा. सही करताना वडिलांना शर्ट घालून, वरची गुंडी लावून बसवा.